ज्याचा डाव, त्याची टोपी

मित्रांनो, मी एक जुनं अंगुस्तान आहे. बघा, तुमच्यातल्या निम्म्यांनी लगेच एकमेकांकडे पाहिलं! हातशिलाई करताना सुई टोचू नये म्हणून शिंपी मधल्या बोटात पितळी टोपी घालतात ना, तीच मी. अंगभर खळगे, डोक्यावर एक पोचा, आणि एकदा बोलायला लागले की थांबत नाही. तेव्हा जरा सावरून बसा.

एका कारखान्यात पितळेच्या पत्र्यातून मला ठोकून काढलं. आम्ही बारा बहिणी एका पुठ्ठ्यावर दोऱ्यानं बांधलेल्या होतो. एका तरुण शिंप्यानं सगळ्यांना बोटात घालून पाहिलं आणि माझ्यापाशी येऊन थांबला. पुढची सव्वीस वर्षं मी त्याच्या बोटात होते. किती काजं केली, किती अस्तरं लावली, काही गणती नाही. लोक म्हणायचे, "काय सफाई आहे तुमच्या हाताला!" हाताला बरं का. माझं नाव कुणी घेतलं नाही. असो.

मग त्याच्या बोटाचं पेर सुजलं. एके दिवशी मी काही केल्या बोटात जाईना. त्यानं साबण लावून पाहिला, बोट गार पाण्यात बुडवून पाहिलं. शेवटी मोठ्या मापाची स्टीलची टोपी आणली आणि मला बटणांच्या डब्यात टाकलं. तीन वर्षं मी त्या अंधारात पडून होते. खोटं कशाला सांगू, रडायचंच काय ते बाकी होतं.

मला बाहेर काढलं ते एका भांडणानं.

दुकान जिना चढून वर, आणि सोमवारी ते बंद असायचं. दुपारी चारला शिंप्याचे तीन दोस्त यायचे आणि कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर सापशिडीचा पट मांडायचे. हसू नका! ती काही तुमची शंभर घरांची सापशिडी नव्हती. दोस्तांमधल्या मास्तरांनी, म्हणजे भूमितीच्या निवृत्त शिक्षकांनी, ती पट्टीनं आखून स्वतः काढली होती. चारशे घरं! एक खेळ संपायला तीन-चार महिने लागत. दुसऱ्या दोस्त दवाखान्यातल्या सिस्टर, त्यांनी सापांना नावं दिली होती: पित्त, संधिवात, सायटिका. सगळ्यात लांब साप मोतीबिंदू. तीनशे नव्व्याण्णव नंबरच्या घरात त्याचं तोंड, शेपूट थेट बाराव्या घरात. सोंगट्याही घरच्याच. मास्तरांचा खडू, सिस्टरांचं औषधाच्या बाटलीचं झाकण, शिंप्याचं रीळ, आणि चौथा गडी घड्याळजी, त्याचं एक दातेरी चाक.

ही माणसं खेळायची कमी आणि बोलायची जास्त. मग डाव कुणाचा होता यावरून जुंपायची. एकदा घड्याळजी आणि सिस्टर दोघंही फासा धरून बसले, सोडायला कुणी तयार नाही. शिंप्यानं वैतागून डब्यात हात घातला, हाताला मी लागले. त्यानं मला टेबलावर आपटलं आणि म्हणाला, "ही ज्याच्यापुढे, त्याचा डाव. आता तोंडं बंद!"

पण तोंडं बंद होतात थोडीच. सहा वाजता सिस्टरांची ड्यूटी असायची, तेव्हा पट आहे तसा झाकून सगळे उठत. पुढच्या सोमवारी पुन्हा तोच वाद, मागच्या वेळी टोपी कुणापुढे होती? म्हणून मास्तरांनी नियम केला: ज्याचा डाव, त्यानं टोपी घरी न्यायची. तो आला की खेळ सुरू. तो नाही आला, तर नाही.

मित्रांनो, या नियमानं माझं नशीब उघडलं. मी चार घरची पाहुणी झाले! सिस्टरांच्या खिशात खोकल्याच्या गोळ्यांचा वास घेत झोपले. मास्तरांच्या टेबलावर कंपासपेटीत राहिले. घड्याळजीच्या खोलीत वीस घड्याळं वीस वेळा दाखवायची, तिथं किती वाजले हे मला कधीच कळलं नाही. आणि ज्याच्याकडे मी, तो सोमवारी येणारच. एकदा मास्तर तापानं फणफणलेले, कानाला मफलर गुंडाळून आले. सिस्टर त्यांच्यावर ओरडल्या तर म्हणाले, "काय करू? डाव माझा होता."

अशी नऊ वर्षं गेली. या नऊ वर्षांत घड्याळजी एकदाही जिंकला नव्हता. आणि त्या सोमवारी त्याचं चाक तीनशे चौऱ्याण्णववर होतं! सहा पडले की संपला खेळ. पाच पडले की मोतीबिंदू.

सिस्टरांचा फासा पडला आणि मी घड्याळजीपुढे आले. त्यानं फासा उचलला. त्याचा हात थरथरत होता. शिंपी मोठ्यानं हसला. "अरे, हात किती कापतोय तुझा! या हातानं घड्याळं दुरुस्त करतोस होय? आण इकडे, मी टाकतो तुझा फासा."

घड्याळजीनं फासा खाली ठेवला. "सहा वाजले," एवढंच म्हणाला, मला खिशात टाकलं आणि निघून गेला. सहाला अजून दहा मिनिटं होती.

घरी गेल्यावर बायकोला म्हणाला, "आज सकाळी एक गिऱ्हाईक माझ्या हातातलं घड्याळ परत घेऊन गेलं. म्हणालं, तुमचा हात कापतो, राहू द्या. आणि दुपारी हा हसला."

पुढच्या सोमवारी तो गेला नाही. "टोपी माझ्याकडे आहे. खेळायचं असेल तर येतील मागायला."

कुणी आलं नाही. दर सोमवारी साडेतीनला तो शर्ट बदलायचा, ड्रॉवर उघडून मला बघायचा आणि चार वाजता शर्ट पुन्हा खुंटीला टांगायचा. तीन महिन्यांनी म्हणाला, "दुसरं काहीतरी ठेवलं असेल त्यांनी. डबाभर बटणं आहेत त्याच्याकडे." मला त्या रिळाची, खडूची, सिस्टरांच्या ओरडण्याचीसुद्धा इतकी आठवण यायची! पण बोलणार कशी? मी पडले पितळेची.

घड्याळजीची बायको मात्र गप्प बसणारी नव्हती. "दोन गल्ल्या पलीकडे दुकान आहे, सातासमुद्रापार नाही." तरी नवऱ्याचा मान राखायचा म्हणून तिनं आपले कपडे दुसरीकडे शिवायला टाकले. एक बाही वर, एक खाली. सोळा महिने तिनं ते सोसलं आणि मग एका सकाळी पिशवी उचलून तडक शिंप्याकडे गेली.

परत आली ती दारातूनच बोलत. "अहो, टेबलाचा अर्धा भाग चादरीखाली आहे. अजून! चाकसुद्धा तिथंच आहे तुमचं. उरलेल्या अर्ध्यावर तो वाकून वाकून कापड कापतोय सोळा महिने. मी म्हटलं, भाऊजी, खेळत का नाही? तर म्हणाले, 'वहिनी, डाव त्याचा आहे. आम्ही कसा टाकणार फासा?'"

"मग बोलवायला का नाही आले?"

"तो येईल, तो येईल करत राहिले. तुम्ही रागावलात एवढं कळलं, कशानं ते कळलं नाही. आणि ऐका. गुडघ्यांमुळे मास्तरांना घरचासुद्धा जिना चढवेना, म्हणून सहा महिन्यांपूर्वी लेक घेऊन गेली त्यांना आपल्या गावी. जाताना म्हणाले, माझा डाव आला की कळवा."

घड्याळजीनं ड्रॉवर उघडून मला बाहेर काढलं. कारण मित्रांनो, त्याच्यानंतर डाव मास्तरांचाच होता.

त्या सोमवारी चारच्या ठोक्याला आम्ही दुकानात होतो. शिंप्यानं चादर काढली. घड्याळजीनं मला आपल्यापुढे ठेवलं आणि गिऱ्हाइकाची सगळी हकीकत सांगितली. शिंप्याचा चेहरा उतरला. "मला काय माहीत रे! सांगायचंस ना." मग सुजलेलं बोट त्यानं माझ्या तोंडावर टेकवलं. "हे बघ. नखापुढे जात नाही आता. माझंही तेच आहे. तुला हसायला मी कोण लागून गेलो?"

"टाका हो फासा," सिस्टर म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, म्हणून आवाज जास्तच करडा झाला होता.

थरथरत्या हातानं घड्याळजीनं फासा टाकला. पाच! चाक तीनशे नव्व्याण्णववरून घसरत बाराव्या घरात गेलं. आधी कुणी हसेना. मग घड्याळजीच हसायला लागला आणि तिघं पोट धरधरून हसले. हसणं ओसरल्यावर त्यांनी मला मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवलं. नियम म्हणजे नियम.

दुसऱ्या दिवशी घड्याळजीनं मला आणि फाशाला एकाच खिशात घातलं आणि गाडी पकडली. पाच तास आम्ही एकमेकांवर आपटत होतो.

मास्तरांच्या लेकीनं दार उघडलं. मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते, आधीच्यापेक्षा निम्मे झालेले. खुर्चीखाली त्यांचे बाहेर जायचे बूट होते, पॉलिश केलेले. घड्याळजीनं मला त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"किती पडले?"

"पाच."

"अरेरे, मोतीबिंदू!" मास्तर खोकला येईपर्यंत हसले. मग हात पुढे केला. "आण बघू फासा."

घड्याळजीचा हात खिशात गेला. त्याची नजर त्या बुटांवर गेली. हात रिकामाच बाहेर आला.

"विसरलो, मास्तर. दुकानातच राहिला."

"कसला वेंधळा रे तू! मग आता?"

"आता तुम्हालाच यावं लागेल. टोपी तुमच्याकडे आहे."

मित्रांनो, फासा कुठं होता हे तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. मास्तरांनाही बहुतेक कळलं असावं. पण ते लेकीकडे वळून एवढंच म्हणाले, "ऐकलंस? डाव माझा आहे."

तेव्हापासून मी त्यांच्या खिशात आहे. रोज सकाळी मास्तर गुडघ्यासाठी व्हरांड्यात चालतात. आधी चार पावलं चालायचे, आता अकरा होतात. शिंप्याच्या दुकानाच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, भांडा, रुसा, वाटेल ते करा. पण डाव खिशात घालून घरी बसू नका. आणि तुमचा कुणी दोस्त तसा बसलाच, तर 'तो येईल' म्हणत थांबू नका, उठा आणि त्याच्या दारात जा. आम्ही सोळा महिने घालवले. मास्तरांकडे असे किती सोळा महिने आहेत, कुणास ठाऊक.

चालून झालं की ते खुर्चीत टेकतात, खिसा चाचपून मी आहे ना बघतात आणि आत हाक मारतात, "अगं, आज वार कोणता?"

"शनिवार, बाबा."

"मग बूट पूस बाई."