रंग बाबा करतील

"अबे, चांगल्या गाडीचा टप कायले कापून राहिला?"

मोतीराम दारात उभा राहून विचारत होता. तुळशीरामने मान वर केली नाही. डाव्या हातात धरलेली गाडी तळहाताएवढी होती आणि उजव्या हातात हॅक्सॉचं मोडकं पातं होतं. टपाचे तीन खांब कापून झाले होते. चौथा राहिला होता.

"बोल ना बे."

"थांब जरा. अंगावर श्वास नको सोडू."

खांब तुटला. टप सुटून तुळशीरामच्या मांडीवर पडला. त्याने तो उचलून उजेडात धरला, कापलेल्या कडा बोटाने तपासल्या आणि मग मोतीरामला बस म्हणून खूण केली.

पांढुर्ण्यात तुळशीरामला सगळे तुळशीराम पेंटर म्हणत. चाळीस वर्षं त्याने जीपा, टेम्पो, ट्रॅक्टर ठोकून सरळ केले आणि रंगवले. गुडघे गेले तेव्हा गॅरेज सोडलं, पण कंप्रेसर आणि रंगाची बंदूक घरी घेऊन आला. मोतीराम तिगाव लाइनवर जीप चालवायचा. त्याची जीप तुळशीरामने तीन वेळा रंगवली होती. आता दोघंही रिकामेच होते. बायको गेल्यापासून तुळशीराम एकटाच राहत होता, त्यामुळे मोतीराम दिवसातून एकदा तरी डोकावून जायचाच.

"हिले हॉट रॉड म्हणतात," तुळशीराम म्हणाला. "जुनी गाडी घ्यायची, टप कापून खाली बसवायचा, बॉनेट काढून टाकायचं. अन् इंजिन दुसऱ्याच मोठ्या गाडीचं बसवायचं. ते बाहेरून दिसलं पाहिजे."

"मंग माही जीप काय होती? तिले नोतं का आपण ट्रॅक्टरचं इंजिन टाकलं!"

"तुही जीप हॉट नोती. गरम व्हायची फक्त."

मोतीराम खो खो हसला. पुढ्यात उघडलेले तीन डबे त्याने वाकून पाहिले. प्लास्टिकच्या बारीक चौकटींना अजून काही भाग लटकत होते, चाकं, आरसे, पाट्यांच्या स्प्रिंगा. एका डब्यावर जुन्या मोटारीचं चित्र होतं, दुसऱ्यावर ट्रकचं, तिसऱ्यावर शर्यतीच्या गाडीचं.

"संदीपचे ना हे?"

"हो."

मोतीराम हसायचा थांबला.

तुळशीरामचा पोरगा संदीप बारावीला होता तेव्हा त्याने स्कॉलरशिपच्या पैशातून नागपूरहून सुटे भाग जोडून करायच्या खेळण्यातल्या गाड्यांचे हे तीन डबे आणले होते. तिन्ही अर्धवट. एकात इंजिन नव्हतं, एकाचं कॅबिन फुटलेलं, तिसऱ्यात नुसती चाकं आणि खालचा सांगाडा. दुकानदाराने टाकाऊ म्हणून स्वस्तात दिले. तिन्ही मिळून एक गाडी होईल, असं संदीपने भौतिकशास्त्राच्या वहीतल्या एका पानावर काढून ठेवलं होतं. बॉडी जुन्या मोटारीची, इंजिन ट्रकचं, मागची जाड चाकं शर्यतीच्या गाडीची. प्रत्येक भागाला बाण काढून नंबर लिहिले होते. मग तो डिप्लोमाला गेला, पुढे पुण्याला नोकरीला लागला आणि डबे माळ्यावर गेले. दर दिवाळीला त्याची आई वत्सला ते खाली काढायची, पुसायची आणि परत वर ठेवायची.

त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, "रंग – बाबा करतील."

हे पान तुळशीरामला यंदा जूनमध्ये सापडलं. तोपर्यंत नऊ महिने बाप-लेकात धड बोलणं झालं नव्हतं.

वत्सला गेली ती गेल्या वर्षी पोळ्यानंतर आठ-दहा दिवसांनी. सकाळी पाणी भरता भरता भिंतीला टेकून बसली, छातीत कळ आली म्हणाली, आणि ऑटो दाराशी येईपर्यंत संपलं होतं. आजार नाही, दवाखाना नाही. घरात माणसं जमली. संदीपला कळवायचं होतं. फोन तुळशीरामच्या हातात होता आणि मोतीराम बाजूला उभा होता.

"गेली म्हणून नको सांगू," मोतीराम म्हणाला होता. "पोरगा एकटा हाय. एवढ्या लांबून येणार. तब्येत सीरियस हाय म्हण, बस. आल्यावर पाहू."

सगळ्यांनी माना हलवल्या. असंच सांगतात. तुळशीरामचा बाप गेला तेव्हा त्यालाही असंच सांगितलं होतं, आणि त्याला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. त्याने संदीपला सांगितलं, आईला बरं नाही, निघ.

संदीप दुपारी मिळेल त्या गाडीत, जनरलच्या डब्यात उभा राहून निघाला. दौंडवरून त्याने फोन केला, मनमाडवरून केला, भुसावळवरून केला. दर वेळी तुळशीरामने काहीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी संदीप घरी पोचला तेव्हा दारात लोक बसले होते, आत बर्फाच्या लाद्या होत्या, आणि त्याच्या हातात भुसावळला घेतलेल्या केळ्यांची फणी होती. आईला मऊ काही खाता यावं म्हणून घेतलेली.

तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईपर्यंत राहिला, पाहुण्यांना पाणी दिलं, भंतेजींना स्टेशनवर सोडून आला. परत जाताना फलाटावर त्याने बापाला एकच वाक्य ऐकवलं.

"रातभर गाडीत मी आईशी काय काय बोलायचं ते ठरवत होतो, बाबा."

त्यानंतर फोनवर नुसतं "हो", "ठीक", "पैसे टाकले." सौसरला दिलेली मुलगी पूजा दोघांच्या मध्ये निरोप्याचं काम करत होती.

जूनमध्ये पान सापडलं तेव्हा तुळशीरामने डबे उघडले, दोन तास डोकं लावलं आणि हरला. शेवटी एका भागाचा फोटो काढून त्याने संदीपला पाठवला. "हा इंजिनचा काय?" एवढंच लिहिलं. उत्तर संध्याकाळी आलं. "नाही. गिअरबॉक्सचा आहे. उलटा धरलाय तुम्ही."

दुसऱ्या दिवशी तुळशीरामने आणखी एक फोटो पाठवला.

हळूहळू ते रोजचंच झालं. इंजिन सांगाड्यात बसत नव्हतं, तर संदीपने पुढचे आडवे दांडे घासायला सांगितले. मागची चाकं बॉडीला लागत होती, तर तुळशीरामने आपल्या मनाने मडगार्ड कापले आणि संदीपने लिहिलं, "भारी." त्या एका शब्दावर तुळशीरामचे दोन दिवस चांगले गेले. दोघं फक्त गाडीचं बोलत. वत्सलाचं नाव कोणी घेत नव्हतं. पण ऑगस्टच्या शेवटी संदीपने आपण होऊन लिहिलं, "वर्षाच्या कार्यक्रमाला येतो. रविवारी सकाळी."

कार्यक्रमाच्या आठवड्यात, सोमवारी, तो कापलेला टप बसवला. नेमका बसला. सांध्यांत लांबीचा लेप भरून घासून सपाट केला. बुधवारी संदीपचा निरोप आला, "रंग मात्र देऊ नका. माझ्याजवळ आहे, घेऊन येतो. आल्यावर देऊ."

तुळशीरामने तो निरोप तीनदा वाचला. मग वहीचं पान काढून पाहिलं. त्यावर तर वेगळंच लिहिलं होतं. पोराला वाटलं असेल, बापाचे गुडघे दुखतात, कशाला त्रास. नाहीतर त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याला एवढं बारीक काम जमणार नाही. दुसरी शंका त्याला जास्त लागली. चाळीस वर्षांत कोणी त्याला रंगाबद्दल सांगितलं नव्हतं. गाडी रंगवून तयार असावी, संदीपने आल्याबरोबर हातात घ्यावी आणि काही न बोलता उलटसुलट करून पाहावी, एवढंच त्याला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी त्याने अंगणात कंप्रेसर लावला. गर्द लाल रंग मिसळला. रंग देण्याआधी पत्रा थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचा असतो, म्हणजे तेल, हाताचा घाम सगळं निघून जातं. हे त्याचा हात झोपेतही करत असे. त्याने फडकं थिनरमध्ये बुडवून पिळलं आणि गाडी पुसली.

चमक गेली. बोटाला थोडं चिकट लागलं. जुना कचरा निघतोय, असं त्याला वाटलं. त्याने आणखी एकदा चांगलं पुसलं आणि बंदूक हातात घेतली.

रंगाचा पहिला हात सुंदर बसला. दुसरा दिला तेव्हा दारावर सुरकुती आली, दूध थंड होताना साय धरते तशी. त्याने बंदूक खाली ठेवली. घाईने गाडी उचलली तर अंगठा दाराच्या आत गेला. टपाचे खांब, एवढ्या निगुतीने कापून जोडलेले, मेणासारखे वाकले आणि टप हळूहळू आत बसला. तुळशीरामने फुंकर मारली. फुंकरीने काय होणार होतं? त्याने तो टप नखाने वर उचलायचा प्रयत्न केला, तर नखाबरोबर लाल तार निघाली.

मोतीराम आला तेव्हा तो तसाच उकिडवा बसला होता. हात मनगटापर्यंत लाल. गाडी वर्तमानपत्रावर होती. इंजिन आणि चाकं बाजूला काढून ठेवलेली, ती वाचली होती. बॉडी गेली होती.

"काय झालं बे हे?"

"थिनरनं खाल्लं."

"प्लास्टिकले थिनर लावला तू?"

"पुसून घेतलं. पत्र्यासारखं."

मोतीराम ओट्यावर बसला.

"त्याले मालूम हाय का?"

"नाही. त्यानं सांगतलं होतं, रंग देऊ नका."

"मंग आता फोनवर नको सांगू," मोतीराम म्हणाला. "वाळून राहिली म्हण. कापड झाकून ठेवली म्हण. एकदा घरी येऊ दे त्याले. वर्षानं येऊन राहिला पोरगा, इथूनच त्याचं मन कायले मोडते? तिकीटच रद्द केलं त्यानं तर? आल्यावर पाहू."

तुळशीरामने त्याच्याकडे पाहिलं. मोतीरामच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याही दिवशी नव्हतं.

फोन वाजला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. संदीपची जेवणाची सुट्टी. एरवी तो लिहायचा, फोन करायचा नाही. तुळशीरामने लाल हातानेच फोन उचलला.

"बाबा, आज फोटो नाही पाठवला?"

"नाही पाठवला."

"मग? घासून झालं का सगळं?"

मोतीराम समोरून हात हलवत होता, तळहात खाली, हळू हळू, जसं कोणाला झोपवावं.

"संदीप, गाडी बिघडली," तुळशीराम म्हणाला. "म्या रंग दिला. थिनरनं पुसली अन् रंग दिला. बॉडी वितळली."

पलीकडे कुठेतरी ताटं आपटत होती.

"पूर्ण?"

"पूर्ण. टप बसला. इंजिन वाचलं."

"मी सांगितलं होतं ना बाबा."

"सांगतलं होतं. म्या ऐकलं नाही. मले वाटलं, मले समजते."

मोतीरामने हात खाली घेतला. तो ओट्याच्या कडेकडे पाहत राहिला.

संदीप चालत असावा. ताटांचा आवाज मागे पडला, एक दार उघडून लागलं, आणि मग नुसता त्याचा श्वास ऐकू येऊ लागला. तुळशीरामला वाटलं, आता फोन ठेवेल.

"बाबा," संदीप म्हणाला. "आई किती वाजता गेली?"

वर्षभरात त्याने हे विचारलं नव्हतं. कोणीच विचारलं नव्हतं. कार्यक्रमाच्या पत्रिकेवरही नुसती तारीखच होती.

"सहा वाजून वीस मिनिटं झाले होते," तुळशीराम म्हणाला. "सकाळचे. नळ चालूच होता."

"मला तुम्ही सातला फोन केला."

"हो. तवा ती गेली होती."

"दौंडला मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात झोपली आहे."

"बाया तिले आंघोळ घालून राहिल्या होत्या."

"मनमाडला?"

"मनमाडले म्या म्हटलं, डॉक्टर येऊन गेले. कोणी डॉक्टर आला नोता. पूजा आली होती सौसरहून. ती रडत होती म्हणून म्या फोन घेऊन बाहेर गेलो."

संदीपने पुढचं स्टेशन घेतलं.

"भुसावळला तुम्ही सांगितलं, तिनं दोन घोट चहा घेतला. माझी आठवण काढली. म्हणून मी केळी घेतली."

तुळशीरामने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"तो चहा म्या घेतला होता," तो म्हणाला. "मोतीरामच्या घरून आला होता. मले काही सुचलं नाही, बेटा. तू विचारून राहिला होता अन् हातात तो कप होता."

पलीकडे संदीप रडत होता की नाही, ते कळत नव्हतं. आवाज दाबलेला होता. मोतीराम उठला. त्याने चपला पायात घातल्या आणि फाटक आवाज न करता लावून तो निघून गेला.

"ठेवू का फोन?" तुळशीरामने विचारलं. "तुही सुट्टी संपली असन."

"नका ठेवू."

"बरं."

"काही बोलू नका. नुसता राहू द्या."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर धडधडत गेला. तुळशीरामने दुसऱ्या कानावर हात दाबून धरला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.