मांड्यांच्या काथवटीत काळी माती

मित्रांनो, मी जुनी आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या काठाला एक चीर आहे आणि पीठ मळून मळून तळ गुळगुळीत झाला आहे. मी कणीक मळायची लाकडी काथवट. एकदा स्टीलच्या परातीला हात लावा, मग मला लावा. फरक मी सांगायची गरज नाही.

चोपड्याकडच्या नथ्थू मिस्तरींनी सागाच्या एकाच ओंडक्यातून वाकसाने तासून तासून मला कोरून काढले. कुठे जोड नाही, खिळा नाही. धरणगावच्या द्रौपदाबाईंच्या घरी मी आले, तेव्हा त्या नव्या सून होत्या. त्यांच्या सासूने त्यांचे मनगट धरले, हात माझ्यातल्या कणकेत दाबले आणि मांडे शिकवले. मांड्यांची कणीक सैल असते, ताणावी तेवढी लांबते. द्रौपदाबाई त्यात अशा तरबेज झाल्या की गल्लीत कुणाकडे पाहुणे आले, की हाक यायची, "अक्का, काथवट लईसन या!" लोक मांड्यांची तारीफ करायचे. त्यातली निम्मी माझी, असे मी धरून चालते.

पुढे मांडे विकत मिळू लागले आणि मी जिन्याखाली गेले. माझ्या आड कोळ्यांनी संसार थाटला. मला वाईट वाटले, खूप वाटले.

मग घरात मित्रा आली. द्रौपदाबाईंची ही नात, पूर्ण नाव संघमित्रा, अजून तीन वर्षांची व्हायची आहे. ती स्वमग्न आहे. तिच्या मुठी सदा मिटलेल्या असत. तळव्याला ओले, चिकट काही लागले की ती किंचाळायची. घास हातात घ्यायची नाही, कुणाचा हातही धरायची नाही. ती मूठ कधी उघडणार, याचाच तिच्या आईला, नूतनला, घोर लागला होता. जळगावच्या थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, तिला माती, पाणी, पाने, बिया यांच्याशी खेळू द्या, पण तिच्या कलाने. नूतनने घरी येऊन मला जिन्याखालून ओढून काढले, घासून धुतले आणि माझ्यात शेतातली काळी माती घातली.

"माय वं! मांडासनी काथवटमा माती?" द्रौपदाबाईंनी कपाळाला हात लावला. "लोके काय म्हनतीन?"

"आत्याबाई, प्लास्टिकच्या टबाकडे ती बघतसुद्धा नाही. ही लाकडाची आहे, हिला वास आहे. बघू तर खरं."

मित्राने आधी मला हुंगले. एवढा मान मला मांड्यांच्या दिवसांतही मिळाला नव्हता! मग अंगणात आमचा रोजचा खेळ सुरू झाला. कधी मातीवर केळीचे गार पान, कधी मऊ लव असलेली सरकी. मित्राने काही तोंडात घालू नये म्हणून नूतन शेजारीच बसून असायची. मित्रा एका बोटाने सरकी ढकलायची. बाकीची बोटे मिटलेलीच राहायची.

द्रौपदाबाईंना मात्र धीर धरवेना. नातीवर फार जीव, म्हणूनच. एका सकाळी नूतन नळावर गेली तशी त्यांनी मातीत पाणी ओतले, मित्राचे मनगट धरले आणि तळवा चिखलात दाबला. मित्राने असा आकांत केला की नूतन हंडा टाकून धावत आली.

"मन्ही सासूनी मले असंच शिकाडं व्हतं," द्रौपदाबाई रडवेल्या झाल्या. "हात धरेबिगर कसं येई?"

"ती घाबरते, आत्याबाई. तिचा हात तिला पुढे करू द्या."

द्रौपदाबाईंची नजर माझ्यावर गेली. "मी बी घाबरेल व्हतू," त्या म्हणाल्या. "पन मले कोनी इचारं नही."

मित्रा माझ्याकडे फिरकेना. मला पुन्हा जिना दिसू लागला. पण दुसऱ्या दिवशी द्रौपदाबाई पदर खोचून एकट्याच माझ्यापाशी बसल्या आणि मांड्यांच्या कणकेसारखी माती तिंबू लागल्या. नातीला हाक नाही, तिच्याकडे बघणेही नाही. रोज हेच. चपचप आवाज ऐकून मित्रा ओट्यावर यायची, मग पायरीवर, मग माझ्या काठापाशी. मी माझ्या जागी भक्कम बसून होते. मला खात्री होती.

एकदा दमून द्रौपदाबाईंनी हात माझ्या काठावर टेकले. आवाज थांबला. मित्राला ते पटले नाही. तिने त्यांच्या हाताकडे पाहिले, मूठ उघडली, त्यांचे चिखलाने भरलेले मनगट धरले आणि हात मातीत दाबला. एकदा दाबून भागले नाही, म्हणून पुन्हा दाबला. तिचा तळवा चिखलाने माखला होता आणि ती किंचाळली नाही.

द्रौपदाबाई जागच्या हलल्या नाहीत. "नूतन," त्या हळूच म्हणाल्या, "देख, तिनी मन्हा हात धरा." आणि डोळ्यांतले पाणी तसेच वाहू देत त्या माती तिंबत राहिल्या.

मित्रांनो, तुमच्या शेजारीही एखादी मिटलेली मूठ असेल. ती ओढून उघडू नका. आपला हात मातीत घाला आणि थांबा. आणि हो, खेळ झाला की मला धुऊन सावलीत वाळवा, उन्हात ठेवलेत तर माझी चीर वाढेल. उद्या सकाळी मित्रा येणार आहे. मला धड असायला हवे.