आंबलेला सडवा

वांग्याचं झाड उपटलं की मुळांना गाठी. एकीपुढे एक, ओवल्यासारख्या.

अहेरीच्या बाजारात वांगी विकायला बसलेल्या लटारूच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी असते.

मोहाचा सडवा, म्हणजे दारू गाळायला भिजवून आंबवलेली फुलं, फार दिवस राहिला की दारूच्या कामाचा उरत नाही. इतका आंबतो, की झाकण काढताच डोळ्यांत पाणी येतं.

"आंबटाले आपला किडा, परका किडा समजत नाई, भाऊ," कृषी सहायक निकेश लटारूला म्हणाला होता. "गांडूळ मरते. रोपही मरते. पातळ करून रिकाम्या वाफ्यातच टाक. मंग आंबटपणा जाऊ दे, तवा लाव."

मोहाचा वास आला की दारूबंदी गटाची इंदुताई पदर कमरेला खोचते.

त्या दुपारीही तिनं खोचला होता.

"इथीच हाये! वास घ्या ना बाई हो!"

दारूबंदीच्या बायका काठ्या घेऊन लटारूच्या वांग्यांच्या वाडीत शिरल्या. सडव्याचा निळा ड्रम मांडवाखाली उघडाच उभा होता. लपवलेला नव्हता, हेच त्यांना जास्त झोंबलं.

लटारू एकेकाळी गावाला दारू पाजायचा. ते सोडून त्यानं वांगी धरली त्याला वर्षं झाली, पण गावानं ते काही मान्य केलं नव्हतं. यंदा वाडी पिकली तर लोक निदान वांगेवाला म्हणतील, एवढंच त्याच्या मनात होतं. पण अर्ध्या वाडीतली झाडं किड्यांनी बसवली. डोळ्यांना न दिसणारे, मुळांत घुसून गाठी करणारे किडे. निकेश त्यांना सूत्रकृमी म्हणायचा. मोडलेल्या भट्टीमागे, जिथं लटारू आंबट गाळ फेकायचा, तिथल्या रानवांग्याची मुळं मात्र साफ निघाली होती. म्हणून त्यानं हा ड्रम मुद्दाम आंबवला. रोगट अर्धा भाग रिकामा केला. उरलेल्या अर्ध्यात नवी रोपं तरारली होती.

"दारू नाई हे, इंदुबाई. किड्यायचं औषध हाये."

"हो का! तुह्या औषधानंच तं माहा मालक बरा झाला. असा बरा झाला, का खाटेवरून उठलाच नाई."

"चाखून पाय. तोंड वाकडं होईन, इतकं आंबट हाये."

"तुह्या हातचं चाखू? आमच्या घरच्यानं चाखलं तेवढं पुरे."

"मंग गिरजाले इचार."

गिरजाबाई, त्याची बायको, त्या बायकांमध्येच उभी होती. हातात काठी. गटात घेतल्यापासून विहिरीवर तिची घागर कोणी मागे सारत नव्हतं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. लटारूनंही.

"मले काऊन इचारता?" ती म्हणाली. "दारू सोडली म्हणते हा. खोटं बोलाचं कुठी सोडलं?"

बायका खदाखदा हसल्या.

 लटारूनं फावडं घेतलं आणि ड्रमापासून रिकाम्या वाफ्याकडे घाईघाईनं पाट ओढला. "सांडाचंच असंन तं इकडे सांडा. रोपायकडे नको. पाया पडतो."

इंदुताईनं पाट पाहिला. रोपं पाहिली.

"काऊन? औषध हाये ना? मंग पाज ना तुह्या लेकरायले."

चौघींनी ड्रम रोपांच्या बाजूला लवंडला. फेसाळतं पाणी ओळींतून शेवटच्या बांधापर्यंत गेलं. एकीनं मोबाइल काढला. आडव्या ड्रमामागे सगळ्या उभ्या राहिल्या, गिरजाबाई कडेला.

"भाऊ म्हणते मी तुले," जाताना इंदुताई म्हणाली, "म्हणून काठी ड्रमावरच थांबली."

संध्याकाळी पानांच्या कडा करपून आत वळल्या. गांडुळं वर आली आणि पांढुरकी होऊन पडली.  सूत्रकृमी तर रिकाम्या वाफ्यात होते, आणि तिथं थेंबही गेला नव्हता. आंबटपणा धुऊन काढायला अंधार पडेपर्यंत लटारू एकटाच पाणी ओतत राहिला.

सकाळी गिरजाबाई दोन घागरी घेऊन आली.

"मी बोलली असती तं गटातून काढलं असतं मले."

"बरं."

"तुले नाई समजत. विहिरीवर तू नाई जात."

"समजते ना. ओत पाणी."

तिनं ओतलं. ओळीच्या टोकाला जाऊन थांबली. "जगतीन का?"

लटारूनं एक रोप चिमटीत धरलं. ओढावं लागलं नाही. मऊ पडलेल्या मुळासकट ते अलगद हातात आलं. त्यानं ते बांधावर ठेवलं आणि शेजारचं धरलं.

"बोल ना काई."

"तुही घागर सांडून राह्यली," तो म्हणाला.

त्या ड्रमातली मोहफुलं, लटारू तापानं पडून होता म्हणून, मार्च महिन्यात गिरजाबाईनं एकटीनं, किड्यांच्या औषधासाठीच, वेचून आणली होती.