प्रथमपुरुषी पंक्चर

स्वावलंबन या विषयावर प्राध्यापकांचा अधिकार निर्विवाद होता. त्यावरची त्यांची व्याख्यानं बायको टंकून देत असे. बायकोबरोबरच्या या सायकलप्रवासातही त्यांनी तत्त्वाला मुरड घातली नव्हती. सोबत गाडी नाही, मदतनीस नाही; आपलं ओझं आपणच वाहायचं. त्यांच्या पाठीत उसण भरत असल्यामुळे तंबू, भांडी, हत्यारं आणि त्यांचे जाडजूड ग्रंथ बाईंच्या सायकलीवर होते. तत्त्व मात्र ते स्वतः वाहत होते.

बाई एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधक. हयात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेली, त्यामुळे नवऱ्याचं व्याकरण त्यांना तोंडपाठ होतं. चढ संपला की प्राध्यापक म्हणत, "मी चढलो!" रस्ता चुकला की, "आपण चुकलो." कर्तृत्व एकवचनी, खापर अनेकवचनी. एवढ्या संसारात या नियमाला अपवाद सापडला नव्हता.

आता प्रश्न घराचा होता. प्रवास पार पडला की शहरातलं घर विकायचं आणि वाटेत लागणाऱ्या एखाद्या आडगावी स्वतः पिकवून खायचं, असा प्राध्यापकांचा बेत होता. त्या घरात खिडकीपाशी बाईंचं टेबल होतं. स्वतःचं म्हणावं असं त्यांच्यापाशी तेवढंच. "विचार करते," इतकंच त्या म्हणाल्या होत्या.

सकाळी रस्त्याकडेच्या चहावाल्या मावशींना मात्र प्राध्यापकांनी सांगूनही टाकलं, "आम्ही घर विकतोय."

मावशींनी बाईंच्या लादलेल्या सायकलीकडे पाहिलं. "मग घरचं सामानही हिच्यावरच का?"

प्राध्यापक दिलखुलास हसले. 'विचार करते'चं 'आम्ही' कधी झालं, हे बाई शोधत राहिल्या. इतकी धडधडीत चूक छापखान्यातही त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती.

दुपारी, निर्मनुष्य रस्त्यावर, मागून आवाज आला.

"अगं थांब! आपल्याला पंक्चर झालंय."

बाई उतरल्या. त्यांनी स्वतःची दोन्ही चाकं दाबून पाहिली. "माझी तर टणक आहेत."

"शब्दांचा कीस नको काढूस. आपण चाक काढू या."

बाईंनी दोऱ्या सोडल्या. पंप, पाने, ठिगळं, सोल्यूशनची नळी गवतावर मांडली, आणि शेजारी ग्रंथांची चळत रचली.

"हे काय?"

"स्वावलंबन. पंक्चर तुमचं आहे, अहो. घर आपलं आहे. आपलं म्हणजे माझंही. आणि मला ते विकायचं नाही. माझी सही मिळणार नाही."

"अगं, पण असं रस्त्यात ठरवतात का?"

"तुम्ही तर चहाच्या टपरीवर ठरवलंत. पुढच्या गावात थांबते. दुरुस्त झालं की या."

हलक्या झालेल्या सायकलीवर बाई बसल्या. पाठीमागून केविलवाणी हाक आली, "अगं, मी काय करू?"

बाईंनी सवयीनं वाक्य तपासलं. प्रथमपुरुष, एकवचन. दुरुस्ती नाही.

त्यांनी पॅडल मारलं.