गाइडबाईंच्या कमरेचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. कारखान्याच्या छपरावरचा धिप्पाड भोंगा डोळ्यांपुढे आणू नका. मी साबणाच्या डबीहून जरासा मोठा, कमरेला पट्ट्याने बांधायचा. माझी वायर गाइडबाईंच्या तोंडापाशी जाते. त्या हळू बोलतात आणि मी ते साऱ्यांना ओरडून सांगतो.

चीनच्या दक्षिणेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. त्याच दिवशी माझी चार हजार भावंडंही जन्मली, त्यामुळे कुणी पेढे वाटले नाहीत. कौतुक केलं ते छू मिनबाईंनी. त्या सहली घेऊन जाणाऱ्या गाइड. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर लाल नेलपॉलिशने आपलं नाव लिहिलं. नऊ वर्षं मी त्यांच्याबरोबर डोंगर चढलो, देवळं पाहिली. "सूर्यफुलाच्या बिया खा, पण टरफलं बसमध्ये टाकू नका," हे तर मी झोपेतही म्हणू शकेन.

मग कानात घालायची यंत्रं आली. बाई कुजबुजल्या तरी आवाज थेट ज्याच्या त्याच्या कानात. बागांमध्ये भोंग्यांना बंदी झाली. ती योग्यच होती, कारण आम्ही दहा भोंगे एकदम ओरडू लागलो की कुणालाच काही समजत नसे. बाईंनी मला टाकलं नाही. "असू दे अडीअडचणीला," म्हणून बॅगेच्या तळाशी ठेवलं. तरी वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

गेल्या एप्रिलमध्ये बाई ल्वोयांग शहरात पिओनीची फुलं दाखवायला एक गट घेऊन आल्या. शिजियाझ्वांगची तेहेतीस निवृत्त माणसं, बहुतेक कापडगिरणीतली. सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या लाल टोप्या, हातात गरम पाण्याचे थर्मास. त्यांत चौऱ्याहत्तर वर्षांचे फान काका आणि त्यांच्या पत्नी श्ये काकू होत्या. काका काकूंचा हात क्षणभरही सोडत नव्हते.

"काकू, झोप लागली का रात्री?" बाईंनी बसमध्ये विचारलं.

"लागली, लागली!" काकाच म्हणाले.

"अहो, तिला बोलू द्या की!" मागच्या बाकावरून तिंगबाई ओरडल्या. "लग्न झाल्यापासून तुमचंच चाललंय."

सगळे हसले. काकाही हसले, पण जरा जास्तच.

बागेत पोचल्यावर बायकांनी रेशमी स्कार्फ बाहेर काढले. या वयाच्या बायकांचा फोटो म्हणजे हात पसरून स्कार्फ वाऱ्यावर सोडायचा, हा तर नियमच. आणि प्रत्येक फोटोला नवा रंग हवा, म्हणून स्कार्फ या गळ्यातून त्या गळ्यात. फोटोपुरता हात सोडून काका बाकावर बसून काकूंच्या जांभळ्या स्कार्फवर नजर ठेवून होते. स्कार्फ झाडापाशी गेला, कमानीपाशी गेला, पुलावर गेला. काका निर्धास्त होते. मग स्कार्फवाली वळली. त्या तिंगबाई होत्या.

"माझी बायको कुठाय?"

"स्कार्फ देऊन तुमच्याकडेच आली ना ती?"

काकांच्या हातातला थर्मास खाली पडला. काकूंचं कानातलं यंत्र काकांच्याच खिशात निघालं. तिला ते टोचतं, म्हणून त्यांनी काढून ठेवलं होतं. बागेच्या मध्ये तळं होतं आणि फाटकाबाहेर मोठा रस्ता. बागेतल्या कर्ण्यांवरून काकूंचं नाव तीनदा पुकारलं गेलं. कुणीच आलं नाही.

"नाव ऐकून ती येणार नाही," काका शेवटी म्हणाले. "दोन वर्षं झाली, तिला स्वतःचं नाव रोज आठवत नाही."

"काका! फॉर्मवर तब्येत ठणठणीत लिहिलंत तुम्ही!"

"खरं लिहिलं असतं तर आणलं असतंत? तीस वर्षं हिने चादरी विणल्या. त्या चादरींवर हीच फुलं छापायचे. खरं फूल एकदाही पाहिलं नव्हतं. म्हटलं, सगळंच विसरायच्या आत दाखवावं."

रागाचे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले होते. पण त्यांनी बॅगेत हात घातला आणि मला बाहेर काढलं. तळ्याकाठाने चालत मी जीव तोडून ओरडलो. "श्ये काकू! श्ये काकू!" माझा लाल दिवा लुकलुकू लागला, म्हणजे बॅटरी संपत आली होती.

"ओ बाई, भोंगा बंद करा!" पहारेकरी धावत आला.

"मला नंतर ओरडा, आधी म्हातारी शोधू लागा!"

तेवढ्यात काकांनी माझी वायर आपल्याकडे ओढली. "काकू म्हटलेलं तिला कळत नाही. द्या इकडे." त्यांनी खाकरून घसा साफ केला. ते बोलले तेव्हा आवाज एका तरण्या, कडक माणसाचा होता.

"तिसरं खातं! दुसऱ्या पाळीच्या बायांनो, चला, मागांवर चला! पहिली पाळी सुटतेय!"

असलं काही मी नऊ वर्षांत बोललो नव्हतो. लोक थबकून बघू लागले. काका पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडताना माझा आवाज चिरकला आणि मी बंद पडलो.

तेव्हा माळ्यांच्या खोपटामागून श्ये काकू लगबगीने बाहेर आल्या. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, एकूणएक केस टोपीत खोचलेले, मागात केस अडकू नयेत म्हणून गिरणीतल्या मुली खोचतात तसे. धापा टाकत त्या काकांपुढे उभ्या राहिल्या.

"उशीर झाला का, मुकादम? माझे माग बंद पडले?"

लग्नाआधी काका काकूंच्या खात्याचे मुकादम होते. नवरा म्हणून काकूंनी त्यांना ओळखलं नव्हतं.

"नाही गं," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "चालू आहेत तुझे माग. मी बघत होतो ना."

तिंगबाईंनी रडत रडत तो जांभळा स्कार्फ काकूंच्या गळ्यात बांधला. परतताना काकू ताटाएवढ्या एका लाल फुलापाशी थांबल्या. पाकळी त्यांनी दोन बोटांत धरून चोळली, मग बोटं निरखून पाहिली. "रंग पक्का आहे," त्या समाधानाने म्हणाल्या. फॉर्म खोटा भरला म्हणून बाईंनी दुसऱ्या दिवशी दोघांना घरी पाठवलं नाही. काकांकडून सगळं खरं लिहून घेतलं आणि बाकीच्या बत्तीस जणांनी आळीपाळीने काकूंचा हात धरला.

मित्रांनो, माझी बॅटरी आता चार्ज होत नाही. मला जपा असं मी म्हणणार नाही, माझं काम झालं. पण तुमच्या घरातलं कुणी विसरू लागलं, तर लाजून ते लपवू नका. बरोबरच्या माणसांना सांगा. आणि तुमचं माणूस कुठल्या हाकेला ओ देतं, तेही सांगून ठेवा. मोठ्याने ओरडायला कुणीही येईल, पण ती हाक तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नसते.