अकरा घंट्या

"दुखणं किती आहे, आजी? शून्य ते दहात सांगा," फोनवर इस्पितळातली नर्स विचारत होती.

"दोन."

"मागच्या मंगळवारीही दोनच होतं."

"मग? दुसरीपुढं शाळा पाहिली नाही मी. दोनाच्या पुढचा आकडा आणू कुठून?"

नर्स हसली, पण जेवढ्यास तेवढं. "आधी तुम्ही तिसऱ्या घंटीला फोन उचलायचात. आज अकरा वाजल्या. मी मोजते."

म्हातारीने रिसिव्हर कानावरून काढून त्याच्याकडे पाहिलं. घरातलंच कुणी फितूर व्हावं, तसं. पलंगापासून फोन चौदा पावलं. कॅन्सर कमरेच्या हाडात उतरल्यापासून पावलागणिक सुरी फिरायची. पण जन्मभर जिने नाकावर माशी बसू दिली नाही, ती हे सांगते कशाला? आकडा वाढला की इस्पितळात नेऊन टाकतील, परक्या बायका अंघोळ घालतील. झाकली मूठ झाकलेलीच बरी.

"हात पिठात होते," तिने ठोकून दिलं. पिठात हात सुनेचे होते. तिने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली, सासूकडे पाहिलं आणि गुमान आत घेतली.

पुढच्या मंगळवारी फोन दहाला यायचा, तर म्हातारी साडेनऊलाच फोनशेजारी स्टूल ओढून बसली.

"आई, पडा की जरा. मी घेते फोन."

"दुखणं माझं, जबाब तू देणार? कणीक मळ."

दहा वाजले. पहिल्याच घंटीला तिने रिसिव्हर उचलला.

"अरे वा," नर्स म्हणाली. मग तिचा सूर बदलला. "आजी, कधीपासून बसलाय तिथं?"

म्हातारी स्टुलावर जरा सरकली. बसून बसून कमरेत निखारा पेटला होता.

"साडेनऊ."

"आणि दुखणं?"

"सात." तिने स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणला. "आठ धर. पण मला इथून हलवायचं नाही, सांगून ठेवते."

"नाही हलवत. डॉक्टरांना विचारून औषध घरीच वाढवू. आता मी रोज फोन करीन."

"कर. पण लगेच ठेवत जाऊ नकोस, पोरी. वाजू दे जरा."

फोन ठेवून ती उठायला गेली. उठवेना. दुसऱ्यांदाही उठवेना. सून तशीच धावत आली आणि दोन पावलांवर थबकली. हात लावावा की नाही, तिला कळेना.

म्हातारीने भिंतीकडे बघतच कोपर पुढे केलं.

"बाहीला पीठ लावू नकोस," ती म्हणाली.