ढोराच्या गाडीत

गाभण म्हैस सकाळपासून चारा खाईना म्हणून आमच्या घरात धावपळ उडाली. सासऱ्यांनी लगेच फोन करून ढोरांचा डॉक्टर बोलावला. आणि माझी धाकटी जाऊ, आठवा महिना लागलेली, कितीतरी दिवस डोकं धरून बसत होती. तिच्यासाठी सासूबाईंनी काय केलं? कपाळाला फडकं करकचून बांधलं आणि वर दुकानातल्या गोळ्या.

"पोटुशीचं डोकं दुखायचंच. आम्ही काय पोरं काढली नाहीत?"

धाकटी गोठ्यात शेण काढत होती. तोंड सुजलेलं, बांगड्या मनगटात रुतलेल्या. मधेच ती भिंतीला टेकली. "ताई, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. म्हैससुद्धा धड दिसेना."

डॉक्टरनं म्हशीला सुई टोचली आणि तो हात धुवायला लागला. धाकटी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, जाता जाता मला मोठ्या दवाखान्यात सोडता?"

त्यानं तिच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं. "बसा गाडीत. आत्ताच."

सासूबाई आडव्या आल्या. "नवरा ट्रकवरून येऊ दे, तो नेईल. सून ढोराच्या गाडीत गेली तर गाव तोंडात शेण घालेल."

"ढोरासारखी राबताना लाजले नाही, मग ढोराच्या गाडीत बसायला कसली लाज?" तिनं कपाळाचं फडकं सोडलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं. "हे म्हशीला बांधा."

मला हसू आलं आणि रडूही. चप्पल न घालताच मी तिच्यामागे चढले.

दवाखान्यात नर्सनं रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि पळतच डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. बाई माझ्यावरच तडकल्या. "डोकं दुखायचं थांबत नाही, डोळ्यांपुढे चमकतंय, तरी हिला घरात ठेवलीत? झटके आले असते तर आईही गेली असती आणि बाळही!"

सुया, सलाईन सगळं सुरू झालं. जमेल तितके दिवस त्यांनी ढकलले, मग पोट उघडून पोरगी काढली. एवढीशी मुठीतली. काही दिवस काचेच्या पेटीत राहिली, बाहेर आली ती वॉर्ड डोक्यावर घेतच.

सासूबाई नातीला बघायला आल्या आणि त्यांनी कान झाकून घेतले. "मुलीच्या जातीला एवढा आवाज?"

धाकटीनं पोरीला छातीशी ओढलं.

"असू दे. लागतो."